दोन मोटारसायकली आणि तीन आकडी रस्ते : शिजियाझुआंग ते कुनमिंग

माळरान

नमस्कार मंडळी,

औषधनिर्मितीतल्या नोकरीमुळे काही वर्षं उत्तर चीनमध्ये, हपै प्रांतातल्या शिजियाझुआंगला राहतोय. यंदा मे महिन्यात साठलेली रजा काढून ऑफिसातल्या मित्राबरोबर मोटारसायकलवर थेट युन्नानमधल्या कुनमिंगपर्यंत गेलो. मित्र मूळचा चोंगचिंगचा, म्हणून इथे त्याला चोंगचिंगकर म्हणतो. चोंगचिंग म्हणजे चीनमधलं मोटारसायकली बनवणारं मोठं शहर. झोंगशेन, लोनसिन, लिफान सगळ्या तिथल्याच. त्यामुळे गाडी उघडून जोडायची विद्या त्याच्या घरातच होती.

चीनबद्दल विचारणारे बहुतेक जण बुलेट ट्रेन आणि उंच इमारतींबद्दल विचारतात. त्या आहेत, आणि उत्तम आहेत. पण मला लिहायचंय ते रस्त्यांबद्दल. इथे क्रमांकावरून रस्त्याची जात कळते. 'जी' अक्षरापुढे एक, दोन किंवा चार आकडे असले तर एक्स्प्रेसवे. तीन आकडे असले तर जुना राष्ट्रीय महामार्ग. त्यातले १ ने सुरू होणारे बीजिंगमधून फुटतात, २ चे उत्तर-दक्षिण, ३ चे पूर्व-पश्चिम. देशपातळीवरच्या नियमात मोटारसायकलला एक्स्प्रेसवेवर जाता येतं. ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आणि मागे कुणाला न बसवण्याची अट असते. प्रत्यक्षात अनेक प्रांतांनी बंदीच घातली आहे. नाक्यावर हुज्जत घालण्यापेक्षा आम्ही घरूनच ठरवून निघालो की पूर्ण प्रवास तीन आकडी रस्त्यांनीच करायचा. हा देश बघायचा तर हेच रस्ते धरावेत, असं माझं ठाम मत आता झालंय. एक्स्प्रेसवे डोंगराच्या पोटातून जातो, गावांच्या डोक्यावरून जातो. जुना रस्ता प्रत्येक गावाच्या बाजारातून जातो.

पहिला टप्पा जी३०७ ने पश्चिमेला, थायहांग डोंगर चढून शांशी प्रांतात. हा कोळशाचा मुलूख. ट्रकांच्या रांगा, हवेत काळी धूळ, हेल्मेटची काच दर तासाला पुसावी लागते. देखणा म्हणता येणार नाही, पण चीनचे कारखाने कशावर चालत आले ते याच रस्त्यावर समजतं. पिंगयाओला मुक्काम केला. तटबंदी शाबूत असलेलं जुनं गाव, १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत. १८२३ मध्ये इथे रिशेंगचांग नावाची हुंडीची पेढी निघाली आणि तिच्या शाखा देशभर पसरल्या. पेढीचा वाडा आज संग्रहालय आहे. रोकड न नेता दूरच्या शहरात पैसे पोचवायचा तो धंदा, हुंडीच्या कागदावरच्या गुप्त खुणांची पद्धत, हे सगळं बघताना आपल्याकडचे सावकार आणि त्यांच्या हुंड्या आठवल्या.

तिथून जी३०९ ने हुकौ धबधबा. शांशी आणि शाआन्शी या दोन प्रांतांच्या मधून पीत नदी वाहते आणि इथे तिचं शेकडो मीटर रुंद पात्र एका अरुंद दगडी घळीत कोसळतं. पाणी खरोखर पिवळं, कारण आजूबाजूचं पठार म्हणजे वाऱ्याने आणून रचलेली मऊ माती. त्याच मातीच्या उभ्या कड्यांत कोरलेली घरं, याओतोंग, येनानच्या वाटेवर सगळीकडे दिसतात. अजूनही काहींत माणसं राहतात.

येनानबद्दल वेगळं लिहीन. शियानबद्दल लिहीतच नाही, त्यावर भरपूर साहित्य आहे.

शियाननंतर जी१०८ छिनलिंग पर्वतात शिरतो. या प्रवासातला माझा सर्वांत आवडता रस्ता हाच, तिबेटी पठारापेक्षाही. चीनची उत्तर आणि दक्षिण इथे वेगळी होते. उत्तरेचं पाणी वेई नदीतून पीत नदीला मिळतं, दक्षिणेचं हान नदीतून यांगत्सेला. सकाळी गव्हाची पिकायला आलेली शेतं मागे टाकली, दिवसभर वळणं, दाट झाडी, मध्ये फोपिंग हा पांडांचा मुलूख, आणि पलीकडे उतरलो तर भातखाचरांत पाणी भरलेलं. नूडल्स संपले, भात सुरू झाला. यांगशियान तालुक्यात त्या खाचरांत गुलाबीसर पंखांचे, तांबड्या तोंडाचे आयबिस उतरताना दिसले. हा पक्षी जगातून जवळजवळ गेलाच होता. १९८१ मध्ये याच तालुक्यात फक्त सात पक्षी सापडले, आणि आज जिथे कुठे हा पक्षी आहे तो त्या सातांचाच वंश. शेतात कीटकनाशकं कमी करायला लावून, घरट्यांवर पहारे बसवून हे जमवलं. चोंगचिंगकर गाडी बंद करून कितीतरी वेळ बांधावर उभा होता.

पुढे चिएनमेनच्या खिंडीजवळ रस्त्याच्या कडेने शेकडो वर्षांच्या सुरूच्या रांगा लागतात, मग सिचुआनचं सपाट खोरं. चेंगडूच्या आतल्या भागात दुचाकीला बंदी असते, म्हणून शहराला वळसा घालून याआन गाठलं आणि जी३१८ धरला.

जी३१८ शांघायमध्ये सुरू होऊन तिबेटात नेपाळच्या सीमेला टेकतो, पाच हजार किलोमीटरच्या वर. चिनी दुचाकीवाल्यांची ही वारी आहे. दर धाब्यावर सामान बांधलेल्या गाड्या, सायकलवाले, क्वचित दंडवत घालत ल्हासाकडे निघालेले यात्रेकरू. लुतिंगला तादू नदीवर १७०६ मध्ये बांधलेला साखळ्यांचा पूल आहे : तेरा साखळ्या, नऊ पायाखाली, चार कठड्याला. खालचं पाणी फळ्यांच्या फटीतून दिसतं. मग कांगतिंग, आणि तिथून चतुओची खिंड, ४,२९८ मीटर. खिंडीत मे महिन्यात बर्फ भुरभुरत होतं. पलीकडे एकदम वेगळा देश : दगडी तिबेटी घरं, खिडक्यांच्या रंगीत चौकटी, याकचे कळप. लितांग साधारण ४,००० मीटरवर. हा यार्सागुंबा, म्हणजे अळीवर वाढणारी औषधी बुरशी, खणायचा हंगाम, त्यामुळे निम्मं गाव तंबू घेऊन डोंगरावर गेलेलं आणि बाजारात माणसं छोट्या ब्रशने त्या अळ्यांवरची माती झटकत बसलेली.

लितांगहून दक्षिणेला हायत्सी पठार, हिमनदीने मागे टाकलेले दगड क्षितिजापर्यंत. त्यातच ताओचेंगचं विमानतळ, ४,४११ मीटरवर, जगातलं सर्वांत उंच नागरी विमानतळ. मग शियांगचेंगमार्गे युन्नानमध्ये उतरलो. शांग्रीला, लीच्यांग, ताली, आणि जी३२० ने कुनमिंग.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहितो.

बुलेटवाला

अप्रतिम! वाचता वाचता नकाशा उघडून बसलो. दोन प्रश्न. आपल्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर तिकडे चालवता येतं का? आणि इथली स्वतःची बुलेट नेता येईल का?

माळरान

आंतरराष्ट्रीय परवाना मुख्य चीनमध्ये चालत नाही. माझ्याकडे इथला परवाना आहे. निवासाचा परवाना असला की भारतीय लायसन्सचं अधिकृत भाषांतर, दृष्टीची तपासणी आणि लेखी परीक्षा. शंभर प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ९० गुण. प्रश्न बारकाईचे असतात, अभ्यास करावाच लागतो. कारच्या परवान्यावर मोटारसायकल चालवता येत नाही. दुचाकीला 'ई' प्रकार लागतो, तीनचाकीसकट हवं असेल तर 'डी'. दुचाकीच्या परवान्याचे नियम शहरागणिक थोडे बदलतात, तेव्हा आपल्या शहरातल्या वाहतूक पोलिसांच्या कार्यालयातच विचारा.

स्वतःची गाडी आणता येते, पण एकट्याने नाही. आधीपासून एजन्सीमार्फत परवानग्या, सीमेवर कस्टम्स, तात्पुरती नंबरप्लेट, तात्पुरता परवाना, आणि पूर्ण प्रवासात सोबत गाइड. गट मोठा असेल तरच खर्च आवाक्यात येतो. आम्ही दोघांनी इथेच नोंदवलेल्या, इथल्याच बनावटीच्या मध्यम ताकदीच्या गाड्या नेल्या. सुटे भाग कुठेही मिळतात हा मोठा फायदा.

पेट्रोलबद्दल एक सांगायचं राहिलं. बऱ्याच पंपांवर दुचाकी थेट नळीपाशी नेऊ देत नाहीत. गाडी लांब उभी करायची, ते पत्र्याच्या मोठ्या किटलीत पेट्रोल देतात, ते आपण टाकीत ओतायचं. रिकामी किटली परत. काही ठिकाणी ओळखपत्राची नोंदही होते. उंचावर निघण्याआधी टाकी भरलेलीच ठेवा.

सोलापुरी

शिजियाझुआंग म्हटल्यावर डॉ. कोटणीस आठवले नाहीत तर मी सोलापूरचा कसला! आमच्या भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक लहानपणापासून बघतोय. त्यांची समाधी तिकडेच आहे ना? आणि येनानबद्दल 'वेगळं लिहीन' म्हणालात ते यासाठीच का?

माळरान

सोलापुरी, यासाठीच. तुमच्या प्रश्नाची वाटच बघत होतो.

समाधी शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे, माझ्या घरापासून बसने जाता येतं. त्याच युद्धात इथे सेवा केलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून यांचीही तिथेच. मोठी बाग, सुरूची झाडं, आणि कोटणीसांचा पांढरा पुतळा. आमचा प्रवास आम्ही तिथूनच सुरू केला. चोंगचिंगकराला बेथून शाळेपासून माहीत. इथे प्रत्येक मुलाला माहीत असतात. कोटणीसांचं नाव त्याने ऐकलं होतं, माहिती फारशी नव्हती. समाधीपाशी मी त्याला सगळं सांगितलं. सोलापुरात १९१० मध्ये जन्म. मुंबईत वैद्यकीचं शिक्षण. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात अटल, बसू, मुखर्जी, कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर. म्हणजे पाचातले दोघे आपल्या महाराष्ट्रातले. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून बोटीने निघाले आणि लढाईतून वाट काढत फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला, चिनी कम्युनिस्टांच्या तळावर, पोचले. बाकीचे एकेक करून परतले, कोटणीस राहिले. आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी शिकले, चिनीतून विद्यार्थ्यांना शिकवलं, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. कुओ छिंगलान या तिथल्याच परिचर्या-शिक्षिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव इन्हुआ, भारत आणि चीन दोन्ही त्यात. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्याने गेले तेव्हा मुलगा काही महिन्यांचा होता आणि ते स्वतः बत्तीस वर्षांचे.

ते गेले ते कोगोंग गाव शिजियाझुआंगच्या उत्तरेला, तांगशियान तालुक्यात थायहांगच्या पायथ्याशी आहे. तालुक्याच्या ठिकाणी बेथून आणि कोटणीस यांचं मोठं स्मृतिसंग्रहालय आहे. तिकडे मी आधी जाऊन आलो होतो.

येनानचे जुने निवास म्हणजे त्याच याओतोंग, मातीत कोरलेल्या कमानदार खोल्या. आत लाकडी टेबल, एक दिवा, कांग म्हणजे खालून ऊब देता येणारा मातीचा ओटा. तिथे उभं राहिल्यावर पाच भारतीय डॉक्टर उत्तर चीनच्या फेब्रुवारीत, ती थंडी न सोसलेलं शरीर घेऊन, इथे कसे राहिले असतील याचा विचार मनातून जात नाही. आम्ही आरामात, चांगल्या गाडीवर, डांबरी रस्त्याने पोचलो होतो. चोंगचिंगकर म्हणाला, "आपण उलट्या दिशेने आलो, त्यांचा शेवट आधी बघितला." त्यानंतर शियानपर्यंत तो अधूनमधून त्यांच्याबद्दलच विचारत राहिला. घरचे पुन्हा भेटले का, बायको नंतर भारतात आली का. हो, आल्या होत्या, अनेकदा, आणि कोटणीसांच्या घरच्यांशी त्यांचं नातं शेवटपर्यंत राहिलं.

सोलापुरी

वाचून भरून आलं. चोळकरांबद्दल मला काहीच माहिती नव्हती. धन्यवाद दादा.

तिरफळ

मी शाकाहारी आहे, आणि माझ्या आयडीवरून कळलं असेलच, कोकणातली. सिचुआनचा तो जीभ बधिर करणारा मसाला आणि आमचं तिरफळ एकच का? आणि खाण्याचे हाल झाले का?

माळरान

तिरफळताई, एकाच कुळातली, जाती वेगळ्या. सिचुआनचा हुआच्याओ जास्त झिणझिण्या आणतो आणि वास लिंबासारखा. आपल्या तिरफळाचा वास मला जास्त गोड वाटतो. पण पहिल्यांदा खाल्ल्यावर मला बांगड्याच्या आमटीची आठवण झाली हे खरं. शाकाहारी वाचकांनी माफ करावं.

मी मांसाहारी आहे, पण भाज्या खूप खाल्ल्या. बटाटा-वांगं-ढोबळी मिरचीची तीसानशियेन नावाची परतलेली भाजी, टोमॅटो-अंडं, हिरव्या पाल्यांचे कितीतरी प्रकार. शांशीत कणकेच्या गोळ्यावरून सुरीने थेट उकळत्या पाण्यात तासलेले नूडल्स, त्यावर काळा व्हिनेगर. चिएनमेनचं टोफू प्रसिद्ध आहे आणि त्या नावाला जागतं. कडक शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा : भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, वर खिमा भुरभुरलेला असू शकतो. ऑर्डर देतानाच सांगावं लागतं. बौद्ध मंदिरांजवळच्या खाणावळींत मात्र निर्धास्त जेवा. तिबेटी भागात सातूचं पीठ, म्हणजे त्सांपा, आणि लोण्याचा खारट चहा. थंडीत त्या चहासारखा आधार नाही.

स्टेथो

छान लिहिलंय. डॉक्टर म्हणून थोडं घुसतो. चेंगडू जेमतेम ५०० मीटरवर, कांगतिंग अडीच हजार, लितांग चार हजार. ही चढण दोन-तीन दिवसांत करणारे लोक मी लडाखमध्ये रुग्ण म्हणून पाहिलेत. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकेदुखी, मळमळ असेल तर त्याच उंचीवर थांबा. बसल्या जागी धाप, सतत खोकला, चालताना तोल जाणं यातलं काही दिसलं तर रात्र असो की पाऊस, लगेच खाली उतरा. ऑक्सिजनच्या डब्यांवर विसंबून वर जाऊ नका, त्यांनी काही मिनिटं बरं वाटतं इतकंच. तुम्ही काय केलंत?

माळरान

डॉक्टरसाहेब, कांगतिंगला जादा मुक्काम केला, पलीकडे शिंतुछियाओला (साधारण ३,४०० मीटर) पुन्हा एक, मग लितांग. वाटेतली कात्सीला खिंड ४,७१८ मीटरची, पण तिथे थांबून राहिलो नाही. चोंगचिंगकराचं डोकं लितांगला दुखत होतं, म्हणून दुसऱ्या दिवशीचं निघणं रद्द केलं. त्याला पुढे जायची घाई होती, मी नाही म्हटलं, त्याने ऐकलं. गाडीचंही तसंच. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. इंधनाचं प्रमाण फ्युएल इंजेक्शनची गाडी स्वतः सांभाळते, पण ताकद घटतेच. चढावर ओव्हरटेक करताना हे डोक्यात ठेवावं.

बुलेटवाला

लितांगहून सरळ जी३१८ नेच ल्हासा का नाही केलंत? तोंडाशी आलेला घास सोडल्यासारखा वाटला.

माळरान

बातांगच्या पुढे चिनशा नदीचा पूल ओलांडला की तिबेट स्वायत्त प्रदेश लागतो. तिथे परदेशी नागरिकाला खास परवाना आणि एजन्सीची सहल लागते. स्वतंत्रपणे मोटारसायकलवर जाता येत नाही. मित्राला जाता आलं असतं, मला नाही. तो म्हणाला, "मग प्रश्नच नाही, दक्षिणेला वळू." विषय तिथेच संपला. सिचुआनच्या पश्चिम भागातही काही गावं परदेशी लोकांना अधूनमधून बंद होतात, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करावी. मुक्कामाच्या ठिकाणी २४ तासांत पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेल ती करतं, पण लहान गावातल्या काही मालकांना परदेशी पासपोर्टची नोंद कशी करायची ते ठाऊक नसतं. संध्याकाळी लवकर पोचलं तर वेळ राहतो.

ग्वांगचौकर

मी दक्षिणेत ग्वांगचौला राहतो. लेख आवडला पण 'हा देश बघायचा तर हेच रस्ते' हे पटलं नाही. आमच्या शहरात २००७ पासून मोटारसायकलवर बंदी आहे, अशा शहरातल्या माणसाने गाडी घ्यायची तरी कुठे आणि ठेवायची कुठे? मी रेल्वेने तालीला जातो, तिथे मिळेल ते वाहन घेऊन सरोवराभोवती फिरतो. कोळशाच्या ट्रकांमागे धूळ खात तीन दिवस घालवण्यात मला तरी काही मिळालं नसतं. रजाही इतकी मिळत नाही.

माळरान

ग्वांगचौकर, रजेचं आणि शहरबंदीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. रेल्वेने जाऊन एकाच भागात फिरणं हा चांगलाच मार्ग आहे. पण धुळीबद्दल माझं मत तेच आहे. शांशीतला कोळसा बघितला नसता तर मला दक्षिणेच्या बंदरांतला झगमगाट अर्धाच समजला असता. आणि छिनलिंग! रेल्वे त्याखालून बोगद्यांतून काही तासांत जाते. गहू संपून भात कुठे सुरू होतो ते बोगद्यात कसं दिसणार?

रानवारा

मला मित्राबद्दल वाचायचंय. इतके दिवस दोघंच, भांडणं नाही झाली?

माळरान

किरकोळ झाली. मला पहाटे निघायचं असतं, त्याला सकाळचे नूडल्स निवांत खायचे असतात. तोडगा असा काढला : सकाळ त्याची, संध्याकाळ माझी. निघायची वेळ तो ठरवेल, थांबायची मी, आणि अंधार पडल्यावर चालवायचं नाही. पुढे कोण हे दर टाकीला बदलायचं. घाटात दोघांत इतकं अंतर ठेवायचं की पुढच्याने ब्रेक मारला तरी मागच्याला जागा असेल, पण आरशातून दिवा दिसत राहील. दिवा दिसेनासा झाला की पुढच्याने थांबायचं, फोन करत बसायचं नाही.

शियांगचेंगच्या पुढे ताशुए, म्हणजे 'मोठा बर्फ', या पर्वताच्या घाटात माझ्या मागच्या चाकात खिळा घुसला. ट्यूबलेस टायर, त्यामुळे चोंगचिंगकर बसल्या बसल्या दहा मिनिटांत छेद बुजवेल असं वाटलं होतं, पण छेद तिरका होता आणि पट्टी धरेना. वारा सुटलेला, हात गारठलेले. त्याने तीनदा काढून पुन्हा बसवली, एकदाही चिडला नाही. खालून जीपने येणारं एक तिबेटी कुटुंब थांबलं, त्यांनी थर्मासमधला चहा पाजला, पंप दिला आणि गाव येईपर्यंत आमच्या मागे मागे सावकाश चालत राहिले. पैसे घेतले नाहीत. जाताना आजींनी दोघांच्या हातात चुरपीचे, म्हणजे याकच्या दुधाच्या सुक्या चीजचे, वाळके तुकडे कोंबले.

कुनमिंगला पोचल्यावर गाड्या ट्रकने परत पाठवल्या आणि आम्ही रेल्वेने आलो. तो खिडकीशी बसून पुढचा रस्ता शोधत होता. जी३२० कुनमिंगच्या पश्चिमेला बराचसा जुन्या बर्मा रोडवरून जातो. १९३७-३८ मध्ये युन्नानच्या गावकऱ्यांनी, बायकामुलांसकट, हाताने फोडून काढलेला, म्यानमारमधल्या लाशियोपर्यंत १,१५४ किलोमीटर. पुढे आसामातल्या लेडोहून आलेला रस्ता त्याला जोडला गेला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये भारतातून निघालेला पहिला ट्रकांचा तांडा कुनमिंगला पोचला. सीमेपर्यंतचा चिनी भाग तरी करायचाच, असं आमचं ठरलंय.

रानवारा

कधी? आणि तिसऱ्याला जागा आहे का?

माळरान

हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत. पश्चिम युन्नान तेव्हा कोरडं आणि सौम्य असतं. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, आणि १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीत रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. तिसऱ्याला जागा आहे, पण चिनी परवाना लागेल. निवासाचा परवाना असेल तर आतापासून लेखी परीक्षेला लागा, प्रश्नसंच मी व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.